जनुक तेच, प्रथिन कमी-जास्त

उस्मानपुऱ्यासारख्या शहरी वस्तीत कापूस पिकत नाही, पण इथल्या कित्येक घरांचे पाय अजून पैठण, गंगापूर, सिल्लोडच्या कपाशीत रुतलेले आहेत. जालनाही दूर नाही, साठेक किलोमीटरवर. तिथल्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना केंद्र सरकारने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. त्या काळाकडे वळून पाहताना एक गोष्ट खटकत राहते: चर्चा सगळी जनुकाची झाली, अळी मरते ती मात्र प्रथिनाने.

जनुकावरून प्रथिनाचा अंदाज बांधता येत नाही, हे बियाणं बाजारात येण्याआधीच कळलेलं होतं. बीटी जिवाणूचं क्राय जनुक जसंच्या तसं झाडात घातलं, तर प्रथिन जेमतेम तयार होई. १९९१ मध्ये पर्लाक आणि सहकाऱ्यांनी त्या जनुकाची अक्षरं झाडाला मानवतील अशी बदलली आणि प्रथिन शंभरपटीपर्यंत वाढलं. महत्त्वाचं म्हणजे, जनुकाची नक्कल असलेला संदेशवाहक आरएनएही वाढला, पण त्या प्रमाणात नाही. नकला किती निघाल्या एवढ्यावर भागत नाही. एकेका नकलेवरून किती प्रथिन घडतं आणि घडलेलं किती टिकतं, तेही बघावं लागतं.

पुढे जगभर हेच दिसलं. १९९९ मध्ये गिगी, एबरसोल्ड प्रभृतींना यीस्टमध्ये अशी जनुकं सापडली की आरएनए सारखाच, पण प्रथिनात वीसपटींहून अधिक फरक. २०११ मध्ये बर्लिनच्या चमूने उंदराच्या पेशींतल्या हजारो जनुकांचा आरएनए आणि प्रथिनं मोजली. तिथे आरएनएचं अर्धायुष्य साधारण ९ तास निघालं, तर प्रथिनाचं ४६ तास. मोजणीतल्या चुका धरल्या तर प्रथिन किती हे ठरवण्यात आरएनएचा वाटा मोठा ठरतो, असा आक्षेप नंतर आला. तो वाद मला निकोप वाटतो.

आपल्यासाठी सगळ्यात मोलाचं काम नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत झालं. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीटी वाणांतलं क्राय१एसी प्रथिन झाडाच्या भागाभागांत आणि वयावयाला मोजलं. पानांत ते सर्वाधिक होतं; फुलातल्या बीजकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. म्हणजे अळी जिथे शिरते, नेमकं तिथेच कमी! अमेरिकन बोंडअळीला आवरायला ग्रॅममागे किमान १.९ मायक्रोग्रॅम प्रथिन लागतं. पेरणीनंतर ११० दिवसांच्या सुमारास ते त्याखाली उतरत होतं. जनुक मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच प्रत्येक पेशीत हजर. परदेशातल्या अभ्यासांत उतारवयाच्या कपाशीत या जनुकाचा आरएनए घटल्याचंही आढळलं आहे. कडक उन्हाळ्यात प्रथिन कमी होतं ते वेगळंच.

२००६ मध्ये दोन जनुकांची कपाशी आली. तरी २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भात बोंडंच्या बोंडं पोखरली. अळीत आलेली प्रतिकारशक्ती हे त्यामागचं मोठं कारण. प्रतिकार लांबवणाऱ्या बिगर-बीटी ओळी न लावणं आणि फरदड ठेवणं यांनी तिला हात दिला. फरदडीत कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते, म्हणजे विष विरळ झाल्यावरही अळीचं ताट वाढलेलंच.

फरदड घेऊ नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि ते योग्यच आहे. पण त्यासोबत कारणही सांगायला हवं: ११० दिवसांनंतर झाडात जनुक असतं, पण अळीला पुरेल एवढं प्रथिन असेलच असं नाही. सिल्लोडच्या शेतकऱ्याला हे समजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्याशी बांधावर बसून एकदा बोलावं.