सांध्याची शिस्त : दंतप्रयोगशाळेतील डाखकाम

पडलेल्या दाताची जागा भरून काढण्यासाठी शेजारच्या दातांवर टोप्या बसवून त्यांच्या आधाराने जो ब्रिज रचला जातो, त्याचा धातूचा सांगाडा एकसंध ओतलेला असला म्हणजे तो उत्तम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ मध्ये मेणाचा नमुना जाळून त्या पोकळीत सोने ओतण्याची पद्धत मांडल्यापासून ओतकामाने खरोखरच मोठी मजल मारली. परंतु वितळलेली मिश्रधातू थिजताना आकुंचन पावते, साच्याचे प्रसरण ते आकुंचन नेहमीच पुरते भरून काढत नाही, आणि लांब ब्रिजमध्ये ही सूक्ष्म चूक साठत जाऊन टोकाच्या टोपीखाली फट म्हणून प्रकट होते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ लांब सांगाडा मुद्दाम तुकड्यांत ओततो, किंवा न बसणारा सांगाडा पातळ चकतीने कापतो; दंतवैद्य ते तुकडे रुग्णाच्या तोंडात आपापल्या जागी बसवून त्यांची परस्परस्थिती अॅक्रिलिक राळेने पक्की करतो, आणि त्यानंतरच जोडकामाला हात घातला जातो. अशा जोडकामाला डागडुजी मानणे हा त्यावर अन्याय आहे, कारण ओतकामाची चूक सुधारण्याचे ते साधन आहे.

डाख म्हणजे मूळ तुकड्यांपेक्षा कमी तापमानाला वितळणारी आणि ते तुकडे न वितळवता त्यांच्यामधील फटीत शिरून थिजणारी मिश्रधातू. मूळ मिश्रधातू ज्या तापमानाला वितळू लागते, त्याच्या किमान ५० अंश सेल्सिअस खाली डाख वाहू लागावा, असा संकेत पाळला जातो. डाख फटीत ओतला जात नाही. स्वच्छ पृष्ठभागावर पसरून केशाकर्षणाने तो स्वतःच आत खेचला जातो, आणि म्हणूनच फटीची रुंदी हा या कामाचा गाभा ठरतो. साधारणपणे ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट ठेवली जाते. ती याहून अरुंद राहिली तर तापून फुगलेले तुकडे एकमेकांना भिडून ढकलतात आणि रचना वाकडी होते. ती रुंद राहिली तर थिजणारा डाख दोन्ही तुकड्यांना आपल्याकडे ओढतो आणि तोंडात घेतलेले माप हरवते. तुकड्यांची जागा हलू नये म्हणून ते उष्णतारोधक साचामिश्रणात रोवतात आणि राळ जाळून काढतात. ज्योत पेटण्याआधीच सांध्याचे भवितव्य बहुतांशी ठरलेले असते, असे म्हणता येते ते यामुळेच.

तापलेल्या धातूवर हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरावर डाख पसरत नाही. तो थर विरघळवणाऱ्या द्रव्याला फ्लक्स म्हणतात. सोन्याच्या मिश्रधातूंसाठी सोनाराच्या पेढीवरचा टाकणखारच येथेही मुख्य घटक असतो. निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूंपुढे मात्र तो अपुरा पडतो, कारण क्रोमियमचा ऑक्साइड अतिशय चिवट असून त्याला फ्लोराइडयुक्त फ्लक्सच लागतो. डाख जेथे जाऊ नये तेथे पेन्सिलीच्या ग्रॅफाइटची रेघ ओढली, की तो तिथे थांबतो. ज्योतीचा निळ्या सुळक्याच्या टोकालगतचा, ऑक्सिजन कमी असलेला भागच सांध्यावर धरावा लागतो. जास्त वेळ तापवले तर डाखातील घटक मूळ धातूत मुरतात आणि सांधा ठिसूळ होतो.

सांगाड्यावर पॉर्सेलिन चढवायचे असेल तर आणखी एक पेच उभा राहतो. पॉर्सेलिन साधारण ९५० अंशांच्या आसपास भाजले जात असल्याने, आधी केलेल्या सांध्यातील डाखाने त्या भट्टीत टिकले पाहिजे. पॉर्सेलिन चढल्यावर सांधा करायचा, तर डाखाने पॉर्सेलिनला चकाकी देण्याच्या तापमानाच्या बराच खाली वाहिले पाहिजे. एकाच ब्रिजमध्ये हे दोन्ही सांधे असू शकतात, आणि म्हणून त्यांसाठी दोन वेगळे डाख लागतात.

टायटॅनियम १६६८ अंशांना वितळते आणि तापल्यावर ऑक्सिजन झपाट्याने शोषून ठिसूळ होते. त्यामुळे ज्योतीचे डाखकाम त्याला मानवत नाही. तेथे आर्गॉन वायूच्या आवरणात लेसरने वितळजोड करतात. लेसरची उष्णता बिंदूपुरती राहत असल्याने पॉर्सेलिन किंवा राळेलगतही जोड देता येतो, शिवाय वेगळ्या डाखाची बहुधा गरज नसल्यामुळे दोन भिन्न धातूंमध्ये लाळेच्या सान्निध्यात होणारे विद्युत-क्षरणही टळते. सोने मात्र हा प्रकाश परावर्तित करते आणि उष्णता झटकन पसरवते, म्हणून त्यावर लेसरचे काम अवघड जाते.

पूर्वीच्या काही डाखांत कॅडमियम असे. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असल्याने दंतधातूंच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी त्यावर कडक मर्यादा घातली आहे. तरीही उष्णता, धूर आणि फ्लोराइड यांच्याशी तंत्रज्ञाचा संबंध रोजचाच असतो, आणि धूर ओढून घेणारी यंत्रणा ही त्याच्या टेबलावरची चैन मानली जाऊ नये.

योग्य डाख, योग्य फ्लक्स आणि योग्य उष्णता या तिन्हींची निवड मूळ मिश्रधातू कोणती, यावर अवलंबून असते, आणि काही वर्षांनंतर दुरुस्तीसाठी आलेल्या ब्रिजबाबत नेमकी हीच माहिती पुष्कळदा कोणाकडेच नसते. म्हणून ब्रिज बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने त्यातील मिश्रधातूचे नाव दंतवैद्याकडून लिहून घ्यावे आणि तो कागद जपून ठेवावा.