कोर्लईचा ख्रिस्ती धर्मग्राम व त्याची बोली

कुंडलिकेच्या मुखाशीं उत्तर तीरावर रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट व दक्षिण तीरावर कोर्लईचा किल्ला समोरासमोर उभे आहेत. इतिहासप्रेमी प्रवासी दोन्ही ठिकाणीं जातात. रेवदंड्याचा सातखणी मनोरा ते पाहतात, कोर्लईच्या दरवाजांवरील पोर्तुगीज अक्षरें उतरून घेतात व परततात. किल्ल्याच्या पायथ्याशीं असलेल्या ख्रिस्ती वस्तींत थांबणारे मात्र थोडे. आमच्या मतें या परिसरांतील सर्वांत जुना लेख दगडावर नसून त्या वस्तीच्या तोंडीं आहे. हे लोक घरांत जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. ती पोर्तुगीजपासून निघालेली आहे. बोलणारांची संख्या हजाराच्या आंतबाहेर आहे.

या लोकांविषयीं ‘हे पोर्तुगीजांचे मागें राहिलेले वंशज’ असा सरसकट समज आढळतो. तो कितपत खरा, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. त्यासाठीं प्रथम चौलचा वृत्तांत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

इ. स. १५०८ मध्यें चौलच्या बंदरांत मिसर व गुजराथ यांच्या आरमाराशीं झालेल्या लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा पुत्र लोरेंसु मारला गेला. पुढें १५२१ सालीं निजामशाहीच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं चौलास किल्ल्याचें काम सुरू केलें, तें १५२४ सालीं पुरें झालें. १५७०-७१ चा मुर्तजा निजामशहाचा वेढाही त्यांनीं परतविला. समोरच्या डोंगरावर निजामशाहीनें मोर्चेबंदी केली, तेव्हां १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं ती हस्तगत केली. तोच कोर्लईचा किल्ला.

दूरदेशाहून आलेल्या शिपायांनीं व व्यापाऱ्यांनीं येथें घरें केलीं. लग्न करून स्थायिक झालेल्या पोर्तुगीजांस त्यांच्या भाषेंत ‘कझादु’ म्हणजे ‘लग्न झालेले’ म्हणत. त्यांच्याभोंवतीं बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक चाकर, मजूर व शेतकरी यांची वस्ती वाढली. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन या चारही पंथांचीं देवळें चौलांत होतीं. पाद्री, मालक व चाकर यांच्या नित्य व्यवहारांतून पोर्तुगीज शब्दांची एक सोपी बोली येथें तयार झाली.

मे १७३९ मध्यें वसई पडली. चिमाजीआप्पांनीं सुभानराव माणकर यांस कोर्लईवर पाठविलें होतें. अखेर १७४० सालीं, इंग्रजांतर्फें कॅप्टन इंचबर्ड याच्या मध्यस्थीनें झालेल्या तहान्वयें चौल व कोर्लई मराठ्यांकडे आलें. किल्ल्याच्या एका बुरुजास ‘गणेश बुरूज’ हें नांव पडलें. पोर्तुगीज अंमल उठला व मातब्बर मंडळी गोव्याकडे निघून गेली.

आमच्या विषयाचा खरा प्रारंभ येथें होतो. जे राहिले त्यांस जाण्याचें साधन नव्हतें व कारणही नव्हतें, कारण त्यांची जमीन व मजुरी येथेंच होती. धर्मानें ते शेजारच्या हिंदु व मुसलमान समाजांहून निराळे होते, व लग्नसंबंध आपल्यांतच करीत. पोर्तुगालच्या ‘पाद्रोआदो’ या धार्मिक हक्कामुळें राज्य गेलें तरी देवळावर पोर्तुगीज बोलणारे पाद्री येत राहिले. ही रीत विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत टिकली. बाहेरून येणाऱ्यांनीं वसविलेला हा धर्मग्राम येणारे परत गेल्यावरही उभा राहिला, तो या राहिलेल्या लोकांनीं उभा ठेवला.

आतां बोलीची साक्ष पाहूं. शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत. मूळ ‘कांतार’ म्हणजे गाणें, त्याचें येथें ‘काता’ झालें; ‘बेबेर’ म्हणजे पिणें, त्याचें ‘बेबे’ झालें. परंतु वाक्य मराठी वळणाचें आहे. क्रियापद शेवटीं येतें, आणि ज्याचें घर त्याचें नांव आधीं, घर मागून. पोर्तुगीजांत याच्या उलट रीत आहे. याहून मार्मिक गोष्ट क्रियापदांची. पोर्तुगीज क्रियापदांचे आ, ए, इ असे तीन वर्ग या बोलींत राहिले. पण मराठींतून घेतलेल्या क्रियापदांसाठीं तिनें ‘उ’ चा चौथा वर्ग निर्माण केला. ‘लोटणें’ हें तेथें ‘लोटू’ होतें. क्लेमेंट्स या अमेरिकन पंडितानें १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या बोलीचें सांगोपांग व्याकरण मांडलें आहे.

यावरून काय निघतें? बाजारांत ऐकलेला परका शब्द कोणीही उचलतो. आपण पाव, चावी, बादली, पगार हे पोर्तुगीज शब्द असेच उचलले. परंतु परक्या क्रियापदांसाठीं व्याकरणांत कायमची जागा करणें हें दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या बोलणाऱ्या समाजाचेंच काम होय. म्हणून कोर्लईकरांस केवळ ‘पोर्तुगीजांचे अवशेष’ म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या बोलीस आई व बाप दोन्ही आहेत, आणि आईचें घर कोंकणांत आहे.

बोलीच्या पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिच्यावरून सन व तारीख निघत नाहीं. तें काम कागदपत्रांचें. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत विवाहाची नोंदवही ठेवण्याचा दंडक घातला व बाप्तिस्म्याच्या वहीचाही निर्देश केला. सनदांत वतनदार भेटतो, बखरींत सरदार भेटतो. शेतावरच्या मजुराचें नांव, त्याच्या बापाचें नांव व बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांचें नांव भेटतें तें अशा वह्यांत. डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं १८७६ सालीं चौल-वसईच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला, पांडुरंग पिसुर्लेंकर यांनीं गोव्याच्या दप्तरांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचीं साधनें उजेडांत आणलीं. त्यांच्या मार्गानें पुढें जाणाऱ्यानें किल्ल्यांच्या कैफियतीबरोबर देवळांच्या वह्याही चाळाव्या.

हें काम आतां लांबणीवर टाकतां येण्याजोगें नाहीं. १९६२-६५ च्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर उपासना लोकभाषेंत आली व देवळांत पोर्तुगीजची जागा मराठीनें घेतली. शाळा, बाजार, कचेरी मराठीच आहेत. खाडीवर पूल होऊन गांवाचें एकाकीपण गेलें. कोर्लईच्या मुलांनीं मराठींत शिकावें यांत खंत करण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु ज्या बोलीनें पोर्तुगीज अंमलाचा अस्त, पेशवाई व इंग्रजी अंमल एवढें सर्व पाहिलें, ती एका पिढीच्या अबोल्यानें संपूं शकते.

कागदास वाळवी लागते तेव्हां आपण धांवतों व नक्कल करून ठेवतों. बोलीची नक्कल बोलणाऱ्याच्या हयातींतच होते. म्हणून रेवदंड्यास जाणाऱ्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, शिलालेखांचे ठसे घेऊन झाल्यावर खाडी ओलांडावी, कोर्लईच्या एखाद्या ओटीवर घरच्यांच्या संमतीनें बसावें, आणि वृद्धांच्या तोंडचें जें ऐकूं येईल तें जसेंच्या तसें, आपल्या पदरचें कांहीं न घालतां, टिपून आणावें.