एक निगेटिव्ह, अनेक चंद्रोदय

छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ (१९४१) हा न्यू मेक्सिकोतला फोटो नशिबाने मिळाला, असं म्हटलं जातं. त्यांनी सांगितलेली हकीकतही तशीच आहे: कब्रस्तानातल्या क्रूसांवरचं मावळतीचं ऊन निसटत होतं, लाइट मीटर सापडेना, मग चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून एक्स्पोजर ठरवलं. पण माझ्या मते खरी निर्मिती पुढे डार्करूममध्ये झाली, आणि पुरावा प्रिंट्समध्येच आहे. सुरुवातीच्या प्रिंट्सच्या आकाशात ढगांचे फिकट पट्टे दिसतात. नंतरच्या दशकांत तेच आकाश जवळजवळ काळंभोर होत गेलं. १९४८मध्ये तर त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया केली, म्हणजे कब्रस्तानाला छपाईत उठाव यावा.

मग ही वास्तवाशी बेइमानी नाही का? बातमीच्या फोटोबाबत हा आक्षेप रास्तच आहे. पण अ‍ॅडम्स मुळात पियानो शिकलेले. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे सादरीकरण, असं ते मानत. आपल्याकडेही एकच बंदिश दर मैफलीत वेगळी उलगडते, तिला कुणी खोटी म्हणत नाही. शिवाय कृष्णधवल फोटोत त्या संध्याकाळचे रंग शटर दाबतानाच गळून पडलेले असतात.