चिनी औषधी वनस्पती : ‘नैसर्गिक’ म्हणजे सुरक्षित का?

ज्येष्ठमध, आलं, दालचिनी. आपल्या घरात सहज सापडणाऱ्या या गोष्टी पारंपरिक चिनी वैद्यकातही शेकडो वर्षं वापरल्या जात आहेत. तिथे सहसा अनेक वनस्पती एकत्र उकळून काढा देतात.

यातून आधुनिक औषधही मिळालं आहे. शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या एका ग्रंथातल्या नोंदीवरून ‘छिंगहाव’ वनस्पतीचा अर्क कमी तापमानाला काढला. त्यातून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग धोका कुठे आहे?

दमा-सर्दीवर दिल्या जाणाऱ्या ‘मा हुआंग’मध्ये इफेड्रिन असतं. त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. वजन कमी करण्यासाठी ते सर्रास विकलं जाऊ लागलं, तेव्हा अमेरिकेने २००४ मध्ये अशा सप्लिमेंट्सवर बंदी घातली.

बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत मिळत्याजुळत्या चिनी नावाची भलतीच वनस्पती गेली. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडमुळे १००हून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली.

ज्येष्ठमधही दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतल्यास शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब वाढतो. जिनसेंगमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

म्हणून डॉक्टरांना चालू गोळ्यांची यादी सांगताना काढे आणि चूर्णंही सांगा. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल, तर ते घेऊ नका.