टाका दिसला पाहिजे

गोधडी ही हाताला कळणारी वस्तू आहे. दुकानात गिऱ्हाईक आधी घडी उचलून वजन पाहतं, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून जाडी बघतं आणि शेवटी ती उलटून मागचे टाके तपासतं. ऑनलाइन दुकानात यातलं काहीच करता येत नाही. तिथं हाताचं सगळं काम फोटोला करावं लागतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या गोधड्यांचे फोटो मी काढते. गटातल्या बायका जुनी सुती लुगडी आणि धोतरं थरावर थर घालून अंथरतात, कडेनं टाके घालायला सुरुवात करतात आणि चारी बाजूंनी आत आत येत मध्यावर पोचतात. साधा धावदोरा असतो, पण प्रत्येक टाक्याला दोरा किंचित ओढला जातो. त्यामुळे टाक्यांच्या दोन ओळींमधलं कापड फुगतं आणि सगळ्या गोधडीवर बारीक लाटा उठतात. गोधडीचं खरं रूप या लाटांत आहे. रंग आणि ठिगळं त्यानंतर येतात. या लाटा इतक्या उथळ असतात की सावली पडली तरच त्या दिसतात. म्हणून इथं सगळा प्रश्न उजेडाचा आहे.

फोनचा फ्लॅश समोरून पडतो आणि सावली पुसून टाकतो. फ्लॅशमधली गोधडी छापील चादरीसारखी सपाट दिसते. तो आधी बंद करायचा. मग गोधडी उघड्या दाराशी किंवा खिडकीशी अशी अंथरायची की उजेड तिच्या पृष्ठभागावरून जवळजवळ घासत जाईल. असा तिरपा उजेड पडला की प्रत्येक टाक्याच्या मागे केसाएवढी सावली उभी राहते आणि सगळी शिवण जागी होते. भिंतीवर टांगायची असेल तर खिडकीसमोरची भिंत टाळून खिडकीला लागून असलेली बाजूची भिंत निवडायची. दुसऱ्या टोकाला अंधार फार साचत असेल तर तिथं पांढरं कार्डशीट उभं करायचं. ते थोडा उजेड परत फेकतं. पण फार जवळ आणलं तर सावल्या भरून निघतात आणि टाके पुन्हा झोपतात. ते किती अंतरावर ठेवायचं हे डोळ्यांनी बघूनच ठरतं. मी कार्डशीट हळूहळू मागे नेते आणि लाटा स्पष्ट झाल्या की थांबते.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड सगळ्यात शांत, असं फोटोग्राफी शिकवताना सांगतात. आपल्याकडे हे वर्षभर खरं नसतं. साताऱ्यासारखं ठिकाण कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरकं आत शिरतं. तेव्हा खिडकीवर पातळ पांढरं धोतर ताणून बांधायचं. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मऊ असतो, पण चहूकडून सारखाच येतो आणि टाका उठत नाही. दिवाळीपासून माघापर्यंतची सकाळ मला या कामाला सगळ्यात योग्य वाटते.

रंगाची गोष्ट वेगळी. गावातल्या घरांच्या भिंतींना बहुतेक वेळा हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असतो आणि त्या भिंतीवरून परतलेला रंगीत उजेड गोधडीतल्या पांढऱ्या धोतरावर स्वच्छ दिसतो. त्यात ट्यूबलाइट चालू असेल तर खिडकीकडची बाजू एका रंगाची आणि आतली बाजू दुसऱ्याच रंगाची येते. दिवे बंद करायचे आणि रंगीत भिंत पांढऱ्या चादरीनं झाकायची. गडद लाल रंग फोन हटकून भडक करतो. त्या लालात टाके बुडून जातात, म्हणून पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करायचा आणि उजेड थोडा खाली ओढायचा. उलट, पांढरी गोधडी फोनला करडी दिसते, तिथं उजेड थोडा वर न्यायचा. फिल्टर अजिबात लावायचे नाहीत. काढलेला फोटो गोधडीशेजारी धरून, दिवसाच्या उजेडात, दुसऱ्या एखाद्या फोनवरही पाहून घ्यायचा. ‘रंग वेगळा निघाला’ म्हणून परत आलेली गोधडी दोन्ही वेळच्या कुरियरचा खर्च सोबत आणते, आणि तो शिवणारीच्या मजुरीतून जातो.

बाकीचं पटकन सांगता येतं. लेन्स पदरानं पुसून घ्या, त्यावर बोटांचं तेल असतं. जवळ उभं राहून अख्खी गोधडी टिपायला गेलं तर चौकोन तिरपागडा येतो. मागे सरा आणि दुप्पट झूम वापरा. पोर्ट्रेट मोड कडेचे दोरे धूसर करतो, तो नको. आणि फोटोआधी इस्त्री कधीच फिरवू नका, लाटा मरतात. गोधडी उन्हात टाकून झटकली की पुरे.

अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारात पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी लागते आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. स्टीलच्या डब्याला हा नियम शोभतो. गोधडी मात्र अशी कापून काढली की ती कारखान्यातून आल्यासारखी वाटते. नियमाचा एक फोटो द्यावा आणि उरलेल्या फोटोंत तिला खाटेवर पसरावं म्हणजे लांबी-रुंदी कळते, घडी कुणाच्या तरी हातात द्यावी म्हणजे जाडी कळते, कोपरा दुमडावा म्हणजे आतले थर कळतात.

फोटोग्राफी अगदी नवी होती तेव्हा विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या इंग्रज संशोधकानं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे फोटोंचं पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागानं प्रसिद्ध केलं. त्यात चिनी मातीच्या भांड्यांची फळी आहे आणि लेसचा एक तुकडाही आहे. भांडी चोरीला गेली तर असं चित्र कोर्टात पुरावा म्हणून ठेवता येईल, हा विचार त्यानं तेव्हाच मांडला होता. हातच्या वस्तूचा फोटो हा मलाही पुरावाच वाटतो. ही वस्तू कुणीतरी बसून केली, याचा.

हा पुरावा गोधडीच्या मागच्या बाजूला सगळ्यात ठळक असतो. तिथं दोरा संपल्याची गाठ असते, संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर वाकडी गेलेली ओळ असते, शिवणारी बदलली की बदललेली टाक्याची लांबी असते. यंत्राचा टाका सगळीकडे सारखाच पडतो. ‘ताई, मागची बाजू कशाला? गाठी दिसतात,’ असं गटातल्या एक मावशी म्हणायच्या. तरीही तो फोटो मी काढत राहिले, आणि त्याच फोटोमुळे ‘हाताची आहे ना?’ असं विचारणारी गिऱ्हाइकं विचारायची थांबली. आता गोधडी उलटून, हातानं सारखी करून मावशी स्वतःच समोर ठेवतात.

तुम्ही ऑनलाइन गोधडी घेणार असाल तर पैसे भरण्याआधी मागच्या बाजूचा, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो जरूर मागा. हातानं शिवणारी बाई तो आनंदानं पाठवेल.