चोरांचा पक्ष आपण कां घेतों?

सुटींत ‘ओशन्स इलेव्हन’ हा इंग्रजी बोलपट पाहिलेल्या एका मुलास त्याच्या वडिलांनीं विचारलें, “मग चोरलेला पैसा परत मिळाला काय?” “नाहीं!” असें सांगतांना त्याच्या मुद्रेवर आनंद मावेना. वडील चिंतातुर झाले. ती चिंता अगदींच निराधार नव्हे. म्हणून या आनंदाचें मूळ शोधणें अगत्याचें आहे.

स्टीव्हन सोडरबर्ग यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट २००१ सालीं निघाला. कारागृहांतून सुटलेला डॅनी ओशन दहा साथीदार जमवितो आणि अमेरिकेंतील लास व्हेगास शहरीं तीन जुगारगृहांचा पैसा ज्या एका भुयारी तिजोरींत राहतो, ती मुष्टियुद्धाच्या रात्रीं लुटतो. साथीदारांत कोणी सुरुंग लावणारा, कोणी खिसेकापू, कोणी वृद्ध बहुरूपी, तर कोणी पैशांच्या गाडींत अंग मुडपून बसणारा चिनी कसरतपटु. एकट्याच्यानें कांहींच होण्यासारखें नाहीं. जॉर्ज क्लूनी, ब्रॅड पिट, मॅट डेमन हे एकेकटे बोलपट पेलणारे नट; पण येथें कोणी कोणावर कुरघोडी करीत नाहीं. पोशाख झोकदार, बोलणें मोजकें आणि घाई कोणालाच नाहीं! शिवाय या चोरींत एकाचाही प्राण जात नाहीं.

खरी मौज पटकथेच्या युक्तींत आहे. बेत आपणांस आधींच सांगितल्यामुळें आपणही कटांत सामील झालों असें वाटूं लागतें. मात्र एक दुवा आपल्यापासूनही लपविलेला असतो. मालक पडद्यावर जी लूट पाहतो, ती खऱ्या तिजोरींतील नसतेच. सरावासाठीं म्हणून आपल्यादेखत बांधलेल्या प्रतिकृतींत तें दृश्य आधींच टिपून ठेवलेलें असतें. मदतीस धांवून आलेले सशस्त्र शिपाईही टोळींतलेच! मालकाबरोबर आपणही फसतों, आणि तरीही हंसतों.

याच नांवाचा मूळ बोलपट १९६० चा. फ्रँक सिनात्रा त्यांत प्रमुख होता. त्यांत लुटीचा पैसा शवपेटींत दडवितात, आणि प्रेताबरोबर त्याचीही राख होते. त्या काळच्या अमेरिकन नियमावलीस गुन्हेगाराचा विजय मान्य नव्हता. २००१ सालीं तें बंधन उरलेलें नव्हतें. मला विचाराल तर, बोलपट म्हणून नवा सरस. शेवट मात्र जुन्याचाच अधिक झोंबतो.

तथापि नव्यांतील एक दृश्य विसरतां येत नाहीं. लूट पार पडल्यावर ओशनचे साथीदार रात्रीं बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यापुढें रांगेनें उभे राहतात. दब्युसीचें संगीत वाजत असतें. पैशांविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. थोड्या वेळानें एकेक जण मुकाट्यानें निघून जातो.