छिन्नीला न जुमानणारा दगड

या पोरांनो, बसा जवळ. आजची गोष्ट दगडाची आहे.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल तुम्ही येता-जाता पाहता. इमारतींच्या गर्दीत उभा असलेला तो काळा कडा, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून उकळता शिलारस वर आला. निवता निवता तो आक्रसला, त्याला उभ्या चिरा पडल्या आणि सुमारे 200 फूट उंचीचे हे दगडी खांब तयार झाले. आपल्या साऱ्या मुलखाचा पाया असाच आगीतून जन्मलेला आहे. मात्र या दगडात छिन्नी शिरते, बरं का! म्हणून तर बोरिवलीच्या रानात, कान्हेरीला, दोन हजार वर्षांपूर्वीपासून बौद्ध भिक्षूंसाठी शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. पाथरवटाने छिन्नी धरायची, हातोडा हाणायचा आणि कपची उडवायची.

आता असा एक दगड ऐका, ज्याच्यापुढे हा हातोडा हरला. त्याचं नाव जेड.

तो पाहायला चीनला जावं लागत नाही. चर्चगेटची लोकल पकडायची आणि काळ्या घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठायचं. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत 1922 साली लोकांसाठी उघडली. तिच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. म्हणजे आपल्याच उपनगरांतल्या खाणींनी ते घर उभं केलं. आणि त्या घरात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत. चिनी मातीची भांडी आहेत, जेडचं कोरीवकाम आहे, तपकीर ठेवायच्या चिमुकल्या कुप्याही आहेत.

अशी दगडी कुपी पाहिली की मुलं हमखास विचारतात, “आजोबा, हिच्या तोंडातून करंगळीसुद्धा जात नाही. मग हिला आतून पोकळ केलं कसं?”

शाब्बास! याच प्रश्नात सगळी गंमत आहे. पण आधी मला सांगा, कठीण दगड आणि चिवट दगड यांत फरक काय?

नारळ आठवा. करवंटी कठीण असते, तरी एका फटक्यात फुटते. सोडण तिच्यापेक्षा कितीतरी मऊ, पण त्यात कोयता अडकून बसतो, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. हिरा हा सर्वांत कठीण, त्याच्यावर दुसरा दगड ओरखडा काढू शकत नाही. पण नेमक्या दिशेने घाव बसला तर तो चिरतो. जेड हिऱ्याइतकं कठीण नाही, पण विलक्षण चिवट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात केसाहून बारीक तंतू एकमेकांत घट्ट विणलेले दिसतात. हातोड्याने पडलेली चीर सरळ पुढे धावूच शकत नाही. प्रत्येक तंतूपाशी ती अडते, वळते आणि थकते.

आणखी एक नवल. हजारो वर्षं माणसं ज्याला एकच जेड समजत होती, ती प्रत्यक्षात दोन वेगळी खनिजं निघाली. फ्रेंच शास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी 1863 साली ते दाखवून दिलं. एक नेफ्राइट. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि लोह वाढत गेलं की पांढऱ्याचा रंग हिरवा होत जातो. दुसरं जेडाइट. त्यात सोडियम आणि अॅल्युमिनियम असतं, आणि त्याला पाचूसारखा हिरवा रंग चढतो तो क्रोमियमच्या अंशामुळे. चीनची प्राचीन परंपरा नेफ्राइटची. म्यानमारचं जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणावर पोहोचलं ते अठराव्या शतकात.

जेडाइट घडतं ते जमिनीखाली फार खोल. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याच्या खाली शिरतो, तिथल्या प्रचंड दाबात. चीनच्या पश्चिमेकडच्या खोतान भागातलं नेफ्राइट घडलं ते खालून घुसलेल्या ग्रॅनाइटच्या रसामुळे. त्याच्याबरोबर आलेलं खनिजयुक्त कढत पाणी संगमरवरासारख्या खडकात मुरलं आणि त्या खडकाची घडणच पालटली. मग कुनलुन पर्वतावरचं बर्फ वितळलं की नद्या त्याचे धोंडे गडगडत खाली आणत. वाटेत कमजोर दगड फुटून जात, चिवट तेवढे गोटे होऊन खोतानच्या पात्रात उरत. कारागिराच्या हाती पडण्याआधीच नदीने दगडाची परीक्षा घेतलेली असे!

आता कुपीचं कोडं सोडवू. खनिजांचा कठीणपणा मोजायला मोस यांची 1 ते 10 अशी श्रेणी आहे. साधं पोलाद साडेपाचच्या आसपास, जेड 6 ते 7. म्हणजे लोखंडाने जेड कापलं जाणार नाही. पण कुरुंद 9 वर आहे, आणि तामडाही जेडला भारी पडू शकतो. चिनी कारागिराने हे दगड कुटून त्यांची बारीक वाळू केली आणि ती पाण्यात कालवली. पायाने फिरवायच्या लोखंडी चकतीवर ती घालत राहायचं. चकती नुसती वाळू फिरवते, झिजवते ती वाळू. कुपीत आधी सरळ भोक पाडायचं, मग वाकड्या टोकाची सळी आत घालून, ओली वाळू सोडत सोडत भिंती आतून झिजवायच्या. म्हणजे जेड कोरलं जात नाही, ते कणाकणाने घासलं जातं. यंत्राचं नावही नव्हतं तेव्हा, 4000 वर्षांहून आधी, चीनमधल्या लियांगझू संस्कृतीच्या लोकांनी जेडवर अतिशय बारीक रेषा काढल्या होत्या.

बीजिंगच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जेडचा अख्खा डोंगर आहे, सव्वादोन मीटर उंच आणि सुमारे पाच टनांचा. पूर आवरणाऱ्या यू राजाची कथा त्यावर कोरली आहे. चियानलुंग सम्राटाच्या आज्ञेने तो 1787 साली पुरा झाला. नुसता तो धोंडा पर्वतातून आणायलाच काही वर्षं लागली. याच सम्राटाला आपल्या हिंदुस्थानी कारागिरांचं पातळ भिंतींचं जेडकाम फार आवडे. शाहजहानचा 1657 सालचा पांढऱ्या जेडचा प्याला आज लंडनला आहे. तो पाहिला की आपले हातही या कलेत किती तरबेज होते ते कळतं.

तेव्हा पोरांनो, पुढच्या सुट्टीत संग्रहालयात जा. दारातून आत शिरण्याआधी कुर्ला-मालाडच्या दगडाकडे नीट पाहा, त्यावरचे छिन्नीचे घाव शोधा. मग आत जेडच्या वस्तूकडे पाहा. तिथे एकही घाव दिसणार नाही, सगळ्या कडा गोलसर, सगळी वळणं गुळगुळीत, पातळ जागी प्रकाश आरपार येतो. पहिला दगड आगीने घडवला, आणि तो छिन्नीला वश झाला. दुसरा खोल जमिनीत विणला गेला, म्हणून त्याच्यासाठी माणसाला वेगळी रीत शोधावी लागली. दालनात धावू नका. एकच वस्तू निवडा, तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा आणि ती कशी घडली असेल ते स्वतः ओळखून पाहा. दगड वाचायला शिकायचं ते असंच.